परतीची वायर

भारतातल्या लोकशाहीचा पाया दिल्लीत घातला गेला, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते खरंही असेल. पण त्या लोकशाहीला आवाज मिळाला तो मात्र भीमेच्या अलीकडं, शिरूर तालुक्याच्या पार टोकाला, आमच्या गावच्या कर्णेवाल्या मामांमुळं. निदान मामांचं स्वतःचं तसं म्हणणं होतं. आणि मामांचं म्हणणं नदीपलीकडं दौंड तालुक्यातही ऐकू जात असल्यामुळं ते खोडून काढायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नसे.

मामा हे सगळ्या गावाचे मामा. त्यांचे वडील नालबंद होते. पंचक्रोशीतल्या बैलांच्या खुरांना त्यांनी नाल ठोकले. पुढं बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टरला नाल लागत नाही हे घरात सगळ्यांत आधी मामांच्या लक्षात आलं. त्यांनी दौंडच्या बाजारातून एक जुनं मशीन आणि दोन कर्णे आणले. मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. पण तो शब्द फक्त त्याच्या पाठीवरच्या पत्र्यावर छापलेला होता, गावात कुणाच्या तोंडात नव्हता. तेव्हापासून उरूस असो, सप्ताह असो, गणपती, बारसं, लग्न किंवा दहावा असो, मामांची सायकल आधी येऊन उभी राही. हँडलला एक कर्णा, कॅरिअरला दुसरा, आणि मधे मामा. लांबून पाहणाराला एखादं तीन तोंडांचं जनावर येतंय असं वाटावं. कोणत्या देवाचं कार्य आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. देवाला ऐकू जातं की नाही हा प्रश्न ते देवावर सोडत. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे एवढी जबाबदारी ते आपल्याकडं घेत.

ही शेवटची रांग त्यांच्या डोक्यात कायमची बसली होती. माईक हातात असो वा नसो, दोन वाक्यं झाली की मामा मान उंच करून विचारत, "मागं येतंय का?" माझ्या ओळखीतला हा एकच माणूस असा, की जो दोघांतल्या बोलण्यातही तिसऱ्याची काळजी करायचा. मी गावच्या हायस्कुलात मास्तर. एसटीच्या थांब्यावर आम्ही दोघंच बसलेलो असायचो, समोर रिकामा रस्ता, मागं बाभळी. मामा कुरकुंभच्या कारखान्यात लागलेल्या आपल्या भाच्याचं काहीतरी सांगत असायचे आणि मधेच, "मागं येतंय का?"

"मागं कोणी नाही, मामा."

"आसंल एखादा, सर. आपल्याला दिसत न्हाई म्हून न्हाई म्हनायचं का?"

मी राज्यशास्त्राची बरीच पुस्तकं वाचली आहेत, पण याचं उत्तर त्यांतही नव्हतं.

कुजबूज हा प्रकार तर त्यांना सोसतच नसे. दोन माणसं एकमेकांच्या कानाला लागलेली दिसली की मामांना आपल्या धंद्यावर कुणी दगड मारल्यासारखं वाटे. एका लग्नात नवऱ्या मुलाचे चुलते मुलीच्या मामाला मांडवाच्या खांबाआड नेऊन काही सांगत होते. कर्णेवाल्या मामांनी हळूच लांब दांडीचा माईक त्या दोघांच्या मधे नेऊन धरला. "आमच्या पाव्हण्यांना बुंदी दुसऱ्यांदा कुणी विचारलीच नाही" हे गाऱ्हाणं सगळ्या गावानं, नदीकाठच्या मळ्यांनी आणि गुरं राखणाऱ्या पोरांनी एकदमच ऐकलं. चुलते शरमेनं लाल झाले. पण त्यानंतर बुंदी अशी फिरली की संध्याकाळी जोडे शोधणाऱ्या पाहुण्यांच्या खिशातही निघाली. "बगा," मामा म्हणाले, "कानात सांगितलं आसतं तर आजून कानातच राह्यलं आसतं."

पुढाऱ्यांच्या बाबतीत त्यांचा न्याय जरा वेगळा होता. व्यासपीठावरचा माणूस "जास्त वेळ घेणार नाही" असं म्हणाला की मामा मशीनच्या एका बटणावर बोट ठेवून बसत. वक्त्यानं ते वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं की बटण किंचित डावीकडं फिरे. तिसऱ्यांदा म्हटलं की वक्त्याचा आवाज फक्त त्याच्या सत्काराच्या हारापर्यंत पोचे. मंडळी पांगत, वक्त्याला वाटे, लोक भारावून निघाले आहेत. मी एकदा मामांना म्हणालो, "सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे म्हणता, आणि आवाज तुम्हीच बंद करता?" मामांनी माझ्याकडं नापास होऊ घातलेल्या मुलाकडं पाहावं तसं पाहिलं. "सगळ्यांचा जायला पायजे, सर. एकट्याचाच न्हाई."

आता ग्रामसभेबद्दल सांगायला हवं. नव्वदीच्या दशकात कायद्यानं ग्रामसभेला फार मोठा मान दिला. गावातला प्रत्येक मतदार हा तिचा सभासद, गावाचं बरंवाईट तिनं ठरवायचं, वर्षातून ठरलेल्या वेळा ती भरलीच पाहिजे, वगैरे. आमच्या गावात या कायद्याचं पालन काटेकोर होई. सभेची दवंडी दिली पाहिजे असा नियम होता, तशी दिली जाई. ती कुठं द्यावी हे नियमात नव्हतं, म्हणून कोतवाल ती उसात उभा राहून देई. मग सकाळी दहाला, म्हणजे बाया रानात आणि पुरुष कुरकुंभच्या पहिल्या पाळीला गेलेले असताना, चावडीत आमचे सरपंच आप्पा, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि आप्पांचे दोन-तीन सोबती बसत. कोरम पुरा होत नाही असं पाहून सभा तहकूब करत. तहकूब सभेला कोरम लागत नाही, ही कायद्यानं ठेवलेली फट आप्पांना तोंडपाठ होती. चहा होई, आणि तीच माणसं तिथंच बसून तहकूब सभा उरकत. मग दुपारी कोतवाल हजेरीची वही घेऊन घरोघर फिरे, आणि ज्यांना सभा झाल्याचंच ठाऊक नाही ते हजर असल्याची सही करत. तुमच्याकडं असं होत नसेल. आमच्याकडं ग्रामसभा दिसत नसे, ऐकू येत नसे, ती फक्त सहीसाठी घरी येऊन जात असे.

एका दुपारी वही मामांच्या दारी आली. मामा कर्ण्याला रंग देत बसले होते. मीही तिथंच होतो, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सांगायला आलो होतो.

"मी व्हतो व्हय सभेला?" मामांनी कोतवालाला विचारलं.

"व्हता की मामा. हितं सही करा."

"आन् काय बोललो मी?"

कोतवालानं वहीत बोट फिरवलं. "तुमी अनुमोदन दिलं."

"कशाला?"

"आप्पांच्या अभिनंदनाला."

मामांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. न ऐकलेल्या गोष्टीला सही देणं त्यांना एक वेळ चाललं असतं. पण आपण भर सभेत बोललो आणि ते मागच्या रांगेला सोडाच, आपल्या स्वतःलाच ऐकू आलं नाही, हा त्यांना धंद्याचा अपमान वाटला. पुढच्या सभेच्या सकाळी आप्पा चावडीत येतात तो टेबलावर माईक, आणि छपरावर, वडावर आणि पाण्याच्या टाकीवर कर्णे. दोन कर्ण्यांचे एव्हाना चार झाले होते.

"हे कशाला, मामा?" आप्पा म्हणाले. "कार्य हाय का कुणाचं?"

"गावाचंच हाय की, आप्पा. बोला. फुंकर मारू नगा, नुसतं बोला."

आप्पांना नाही म्हणता येईना. आजवर त्यांनी माईकला नाही म्हटलेलं नव्हतं.

इथं मामांच्या हातून एक चूक झाली, आणि ती त्यांच्या भलेपणातून झाली. आवाज इतका स्वच्छ येऊ लागला की सभेला यायची कुणाला गरजच उरली नाही. लोक आपापल्या ओट्यावर बसून, शेंगा फोडत, नाटक ऐकावं तशी ग्रामसभा ऐकू लागले. "आता भाऊसाहेब खोकणार बग," असं म्हणायचे आणि भाऊसाहेब खरंच खोकायचे. पूर्वी चावडीत निदान चहाच्या ओढीनं दोघं-चौघं जास्त यायचे. तेही घरी राहिले. हरकत घ्यायची असली तरी ती घरात बसून कर्ण्याला घ्यावी लागे, आणि कर्णा ऐकून घेत नाही. एकदा आप्पांनी गावठाणातल्या एका मोकळ्या जागेचा विषय काढला तेव्हा न्हाव्याच्या दुकानातून एक जण अर्ध्या गालाला साबण असताना हरकत घ्यायला धावत आला. तो पोचेपर्यंत सभा दोन विषय पुढं गेली होती. त्याची हरकत मग स्मशानभूमीच्या कुंपणाला लिहिली गेली.

आप्पा खूष झाले. "मामा, आता कुणाची हाय टाप आमाला चोरून सभा घेता म्हनायची? सगळा गाव ऐकतोय." मामा संध्याकाळी माझ्याकडं आले आणि पायरीवर बसून म्हणाले, "सर, मी एका अंगानंच वायर वढली. आता परतीची वढाय पायजे."

परतीच्या वायरीचा विचार त्यांच्या डोक्यात घोळत होताच. पण ती कुठून ओढायची हे ठरलं ते आक्कांमुळं. ओढ्यापलीकडं एक वस्ती होती. चावडीच्या ओट्यावर उभं राहिलं की ती समोर दिसे, तिथल्या चुलींचा धूरही मोजता यावा इतकी. पण पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ओढ्याला पाणी असे, आणि मग गावात यायचं तर लांबच्या पुलावरून वळसा घालत पाऊण तास चालावं लागे. आक्का त्या वस्तीवरच्या. वयानं साठीच्या, अंगानं काटक, आणि आवाज असा, की बाजरी राखायला त्या माळ्यावर उभ्या राहिल्या तर गोफण हातात धरायची ती केवळ रीत म्हणून. त्यांनी हाळी दिली की आपल्या रानातली पाखरं तर उठतच, शेजारच्याच्या रानात बसलेलीही उठत. ओढ्याच्या अलीकडं चुकून आलेली त्यांची म्हैस नुसत्या हाकेवर माघारी वळल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

पण त्या वर्षी आक्का बाजेला खिळल्या होत्या. वस्तीची विहीर खोल, पायऱ्या दगडी आणि शेवाळलेल्या. भरला हंडा घेऊन चढताना आक्का पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्यामागं पाणी आणायचं सुनेवर आलं. मुलगा कुरकुंभच्या कंपनीत, पाळीवर. सुनेला दिवस गेलेले होते. आणि त्याच सुमाराला गावाला नवी नळयोजना आली. पाइपलाइन कुठपर्यंत न्यायची हे ग्रामसभेनं ठरवून आराखडा तालुक्याला पाठवायचा होता. आप्पांच्या मनातली लाइन त्यांच्या सडकेकडच्या नव्या प्लॉटांपर्यंत येऊन थांबत होती. वस्तीचं विचारलं की ते म्हणत, "पुढच्या टप्प्यात घेऊ." पुढचा टप्पा ही आमच्याकडची सगळ्यात मोठी वस्ती होती, अर्धा गाव कित्येक वर्षं तिथंच राहत होता. या सभेत वस्तीचं नाव आराखड्यात गेलं नाही तर सुनेचं बाळंतपण त्या पायऱ्यांवरच काढायचं, आणि पुढचीही, हे आक्कांना बाजेवर पडल्या पडल्या दिसत होतं.

आक्कांनी मामांना निरोप धाडला: "तुमच्या कर्न्यातनं आप्पा आमाला रोज आयकवता. येकदा आमाला आप्पाला आयकवा."

मामांनी आठवडाभर तयारी केली. सभा तिकडंही ऐकू जावी म्हणून चौथा कर्णा वस्तीवरच्या लिंबावर त्यांनी आधीच लावलेला होता. आता त्यांनी जुनं दुसरं मशीन बॅटरीसकट, पुलावरून वळसा घालून, सायकलवर तिकडं नेलं, आक्कांच्या बाजेसमोर माईक उभा केला आणि तिथून वेगळी वायर बाभळीबाभळीनं, बांधाबांधानं, ओढ्यावरून सरळ चावडीत आणली. तिच्या टोकाला एक लाकडी डबा लावला, स्पीकरचा. तो आप्पांच्या अगदी समोर ठेवला. आक्कांना त्यांनी बजावलं, "आक्का, वायर लांब हाय. लाजू नगा, खच्चून बोला." आक्कांना असं सांगणारा माणूस जन्मात पहिल्यांदाच भेटला होता.

सभेच्या दिवशी चावडी भरली. ग्रामसभेसाठी नव्हे, डबा बोलणार म्हणून. भाऊसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच कोरम मोजला आणि तो पुरा आहे हे पाहून ते जरा घाबरले. मामा उठले आणि म्हणाले, "मंडळी, मशीन जुनं हाय, नाजूक हाय. हितं कुणी बोललं की तिकडचा आवाज मागं पळतो. तवा समद्यांनी गप बसायचं. खोकायचं त्येनी भाईर जाऊन खोकायचं. भाऊसाहेब, तुमी बी."

मग एक अशी गोष्ट घडली जी आमच्या ग्रामसभेत त्याआधी कधी घडली नव्हती. सगळे गप्प बसले. आप्पा गप्प बसले. वडावरच्या पाखरांचा आवाज ऐकू येऊ लागला. मामांनी माईकवर म्हटलं, "आक्का, बोला," आणि ते डब्यावर हात ठेवून उभे राहिले. उभे राहिले ते तसेच. हात काही त्यांनी काढला नाही. मला वाटलं, मनातल्या मनात दुवा मागताहेत.

क्षणभर काही नाही. आणि मग आवाज आला. लांबून यावा तसा, पण लख्ख.

"आप्पाऽऽ! येतंय का आयकाय?"

सगळे डब्याकडं पाहत होते. आप्पा डब्याकडं वाकून, मोठ्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं माईकवर म्हणाले, "येतंय, आक्का, येतंय."

"मंग आता मधी बोलू नगा!"

चावडीत हसू फुटलं. मामांनी हात वर करून ते दाबलं.

"पुढच्या टप्प्यात घेतो म्हनता! कुठं हाय त्यो पुढचा टप्पा? पुलावरनं जायाचं का वढ्यातनं? म्हंजी सुनंला तिकडंच पाठवते हंडा घिऊन!"

आप्पांनी तोंड उघडलं. मामांनी बोट ओठांवर ठेवलं. आप्पांनी तोंड मिटलं. गावाच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी होती.

"म्या पडले ती पायरी आजून तशीच हाय, आप्पा! त्याच पायरीवरनं माझी सून सातव्या म्हयन्यात चढती-उतरती! म्या हितं पडल्या पडल्या तिची पावलं आयकते! पाऊल थांबलं की माझा जीव थांबतो! तुमच्या लग्नाची पंगत याच हिरीच्या पान्यावर उठली, तवा वस्ती कंच्या टप्प्यात व्हती?"

कुणी हसलं नाही. आवाज थांबला तरी चावडी तशीच गप्प राहिली, कारण मशीनला बोललेलं चालत नाही हे सगळ्यांच्या डोक्यात होतं. त्या शांततेत आप्पांना काहीतरी बोलणं भाग होतं, आणि पुढचा टप्पा हे शब्द आता उच्चारायची सोय राहिली नव्हती. त्यांनी भाऊसाहेबांकडं पाहिलं.

भाऊसाहेब म्हणाले, "बोलणं ठीक आहे, पण वस्तीवरच्या लोकांना हजर कसं धरायचं? सभेला हजर म्हणजे इथं पाहिजेत. वहीवर सह्या पाहिजेत. घरी बसून हजर, असं नियमात बसत नाही."

"भाऊसाहेब," मामा शांतपणे म्हणाले, "मागं येकदा मी घरी कर्न्याला रंग देत हजर व्हतो. वही दारात आली व्हती. आज तीच वही वस्तीवर न्या, म्हंजी झालं. सभा झाल्यावर घरोघर न्यायचीच पद्धत हाय की आपल्यात."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. पद्धत आहे हे त्यांना नाकारता येईना, कारण तिच्यावर त्यांच्या कितीतरी वर्षांच्या सह्या होत्या. गावच्या लबाडीचा असा सदुपयोग करता येतो, हे माझ्याही लक्षात आलेलं नव्हतं.

मतदान हात वर करून व्हायचं. मामांनी माईकवरून सांगितलं, "वस्तीवाल्यांनो, लाइन वस्तीवर आणायची आसंल त्यांनी हात वर करा." भाऊसाहेबांना चावडीच्या ओट्यावर खुर्ची टाकून तिच्यावर चढवलं. पलीकडं बाजरीच्या रानात काढणीला वाकलेल्या बाया एकेक करून ताठ झाल्या आणि त्यांनी हात वर केले. हातांत विळे होते. उन्हात ते लखलखले.

"विळा असलेला हात धरायचा का?" भाऊसाहेबांनी खुर्चीवरून विचारलं.

"त्योच आधी धरा," खालून कुणीतरी म्हणालं.

आप्पा ओट्यावर आले. बराच वेळ त्यांनी त्या विळ्यांकडं पाहिलं. मग जाहीर केलं की वस्तीला आपला विरोध कधीच नव्हता. ठराव एकमतानं झाला. भाऊसाहेबांनी वळणदार अक्षरात लिहिलं की ओढ्यापलीकडील ग्रामस्थांनी यंत्राद्वारे सभेत सहभाग घेतला. तालुक्याच्या एका साहेबांनी पुढं ते वाचलं आणि एका भाषणात आमच्या गावाचा उल्लेख आधुनिक तंत्राची कास धरणारं गाव असा केला. त्या भाषणाला मशीन मामांचंच होतं. साहेब "जास्त वेळ घेणार नाही" असं दोनदा म्हणाले, पण मामांनी बटणाला हात लावला नाही.

नळ काही लगेच आला नाही. सरकारी पाणी सरकारी वेगानंच येतं. तोपर्यंत वस्तीवरच्या बायांनी आळीपाळीनं सुनेचे हंडे भरले. पायरीचं गाऱ्हाणं कर्ण्याएवढं मोठं झाल्यावर शेजाऱ्यांनाही घरात बसून राहवेना. नात सुखरूप झाली. ती चालायला लागली त्या सुमाराला वस्तीच्या तोंडाशी तोटी बसली. आक्का काठी टेकत तिच्यापर्यंत गेल्या, तोटी सोडली, बंद केली, पुन्हा सोडली आणि म्हणाल्या, "हाय." पुढं वस्तीनंच पाठपुरावा करून सभेची वेळ संध्याकाळची करून घेतली, म्हणजे पहिली पाळी सुटून कुरकुंभहून आलेल्यांना बसता यावं. आप्पांनंतरच्या सरपंचांनीही ती बदलली नाही. सभेत अजून भांडणं होतात, पण ती निदान हजर असलेल्यांत होतात.

मामांचा धंदा मात्र पुढं बसला. डीजेचे डबे आले, माणसाच्या उंचीचे; त्यांच्यातून शब्द ऐकू येत नाही, नुसतं छातीत धडधडतं. मामांनी कर्णे उतरवून माळ्यावर ठेवले. मग मोबाइल आले. मध्यंतरी दौंडला दवाखान्यात असलेल्या एका सदस्यानं फोनवरून सभेत भाग घेतला. फोन टेबलावर ठेवला होता आणि चारी बाजूंनी सगळे एकदम त्याच्यावर ओरडत होते. मी मामांना हे जाऊन सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं, कारण आता मामांनाच कमी ऐकू येतं. आयुष्यभर कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. ते ओट्यावर बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याचे ओठ पाहतात आणि आपण फार मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कळत नाही.

"आता समद्यांच्या हातात माईक आला, सर," ते म्हणाले. "गप बसायचं कुनी?"

मग त्यांनी ओढ्याकडं पाहिलं. आक्का जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

"येक सांगू का? त्या दिशी परतीची वायर चालूच नव्हती."

मला वाटलं वयामुळं काहीतरी घोटाळा होतोय. पण मामा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, शांतपणे सांगत होते. "चालू डबा गुणगुणतो, सर. हाताला कळतं. मी हात ठिवला तवा त्यो गार व्हता. म्हनलं, गेलं समदं. आन् तेवढ्यात आक्कांचा आवाज आला. नुसता आला. वढ्यावरनं, वाऱ्यावरनं, खिडकीतनं. समदी डब्याकडं बगत व्हती."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"वायर बंद हाय म्हनलं आसतं, तर परत समदी बोलाय लागली आसती."

मामांनी मान उंच केली आणि माझ्या खांद्यावरून रिकाम्या गल्लीकडं पाहत विचारलं, "मागं येतंय का?"

"येतंय, मामा," मी म्हणालो. त्यांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून मी मान हलवली.

हेही मामांनीच सांगितलं, की त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी ते वायर गुंडाळायला गेले होते तेव्हा ओढ्याच्या पलीकडं तिचा एक लांब तुकडा गायब होता. तो त्यांना आक्कांच्याच गोठ्यात सापडला. सभेच्या आदल्या दिवशी सुनेनं त्या तुकड्यानं बाजरीच्या सरमाडाचा, म्हणजे कडब्याचा, भारा बांधला होता. गाठ चांगली बसली होती, म्हणून मामांनी ती सोडवली नाही.